पेज, मीठ आणि मोजमाप : बाळाच्या बिघडलेल्या पोटाचा इतिहास

१/
आषाढ लागला की गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू होते. बायका दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून रोपे लावतात आणि तान्ही-रांगती मुले घरी आजीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे राहतात. जुलाबाचे दिवसही हेच. दीड वर्षाच्या मुलाला सकाळी पातळ शौचास सुरुवात झाली, तर संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे खोल जाऊ शकतात. त्या आठ-दहा तासांत घरात त्याला काय पाजले जाते आणि काय नाकारले जाते, यावर त्याचे जगणे अवलंबून असते. हा धागा त्या तासांच्या इतिहासाचा आहे.

२/
गोंदिया हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. वैनगंगेचे खोरे, गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि त्या तलावांवर पिकणारे धान ही या भूभागाची जुनी ओळख. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव त्याच परंपरेतला. जिथे धान, तिथे भात. आणि जिथे भात, तिथे पेज. आजाऱ्याला, बाळंतिणीला, म्हाताऱ्याला आणि पोट बिघडलेल्या लेकराला पेज देण्याची रीत झाडीपट्टीत कोणाला शिकवावी लागत नाही.

३/
ही रीत किती जुनी असावी? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात २८ प्रकारच्या यवागू, म्हणजे धान्याच्या पेजा, सांगितल्या आहेत. आयुर्वेदाने पेजेचे वर्गही काटेकोर पाडले : शिते अजिबात नसलेली निवळ म्हणजे मंड, थोडी शिते असलेली ती पेया आणि दाट ती विलेपी. शोधनानंतर दुबळ्या झालेल्या रोग्याला प्रथम पातळ, मग दाट आणि शेवटी नेहमीचे अन्न या क्रमाने आणावे, असा नियम होता. त्याला संसर्जनक्रम म्हणत. लाह्यांच्या निवळीचा, म्हणजे लाजमंडाचा, उल्लेखही या परंपरेत आढळतो.

४/
लहान मुलाच्या बाबतीत धोक्याचा काळ उष्टावणानंतर सुरू होतो. सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या ओठाला पहिला घास लागतो. तोवर आईच्या दुधावर वाढणारे पोट आता भांडे, पाणी, हात आणि माशी यांच्या वाटेत येते. त्याच वयात मूल रांगू लागते आणि हाती लागेल ते तोंडात घालते. १९६३ मध्ये गॉर्डन, चिटकारा आणि वायन या संशोधकांनी पंजाबातील खेड्यांच्या अभ्यासावरून या आजाराला स्वतंत्र नाव दिले : दूध तुटण्याच्या वयाचा अतिसार. उष्टावण ते दुसरा वाढदिवस हा काळ किती नाजूक असतो, हे त्यातून वैद्यकाच्या लक्षात आले.

५/
त्याआधी शतकानुशतके याच वयातल्या जुलाबांचे कारण दुसरेच सांगितले जाई : दात. ‘दात येताहेत, म्हणून पोट जातंय’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या घराघरांत ऐकू येते. ही समजूत केवळ आपली नव्हे. लंडन शहराच्या जुन्या मृत्युयाद्यांत बालमृत्यूचे कारण म्हणून ‘दात’ असा सरळ उल्लेख आहे. दात येण्याचे वय आणि दूषित अन्नपाणी तोंडात जाण्याचे वय एकच, म्हणून दोघांची गाठ पडली. त्या समजुतीची किंमत मात्र मोठी होती. दात आले की जुलाब आपोआप थांबतील, या भरवशावर उपचार लांबत.

६/
घरगुती उपायांची दुसरी शाखा म्हणजे बाळगुटी. सहाणेवर उगाळलेली मुरडशेंग, जायफळ, वेखंड, हळकुंड. मुरडशेंगेच्या नावातच पोटातला मुरडा आहे. इंग्लंडमध्येही याच गरजेतून १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांचे ‘ग्राइप वॉटर’ निघाले. त्यात शेपूचा अर्क, खाण्याचा सोडा, साखर आणि मद्यार्क असे. पुढे ते भारतीय घरांतही रुळले. रडणाऱ्या बाळाला शांत करणे हा या साऱ्या उपायांचा हेतू. शरीरातून निघून गेलेले पाणी आणि क्षार परत भरून देण्याचे सामर्थ्य यांपैकी एकातही नव्हते.

७/
याहून घातक उपाय होता अफूचा. मजुरीला जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची बारीक ‘बाळगोळी’ देत. मूल झोपून राही आणि जुलाबही थांबल्यासारखे दिसत. १८९३ ते १८९५ या काळात काम केलेल्या अफूविषयक शाही आयोगापुढे मुलांना अफू देण्याच्या या चालीची चर्चा झाली. इंग्लंडच्या गिरणगावांतही अफूमिश्रित काढे मुलांना पाजले जात होते. अफू आतड्याची हालचाल मंदावते. शौच बाहेर पडत नाही, पण पाणी आतड्यात झिरपतच राहते. आईला वाटते आजार उतरला; मूल मात्र आतून कोरडे होत जाते.

८/
हा धडा विसरण्यासारखा नव्हता, तरी तो विसरला गेला. विसाव्या शतकात अफूच्याच कुळातील, आतड्याची हालचाल थांबवणारे एक औषध मुलांसाठी थेंबांच्या रूपात विकले जाऊ लागले. १९९० मध्ये पाकिस्तानात त्या थेंबांशी जोडलेले बालमृत्यू उघडकीस आले आणि ते थेंब बाजारातून काढून घ्यावे लागले. बाळगोळी आणि हे थेंब यांच्यामध्ये शंभर वर्षांचे अंतर होते. दोन्हींमागची चूक एकच : जुलाब थांबला म्हणजे मूल वाचले, हा समज.

९/
पेज आणि बाळगुटीच्या शेजारी आणखी एक रीत नांदत होती : उपास. ‘पोटाला विश्रांती द्या’ हा सल्ला आजीचा होता, वैद्यांचा होता आणि युरोपातील डॉक्टरांचाही होता. जुलाब झालेल्या मुलाचे अन्न बंद, अनेकदा पाणीही बंद. तर्क साधा होता : वरून घातले नाही तर खालून जाणार नाही. एकाच स्वयंपाकघरात एक हात पेजेची वाटी पुढे करी आणि दुसरा पाण्याचा पेला मागे घेई. पुढच्या दीडशे वर्षांचे संशोधन म्हणजे यांतला कोणता हात बरोबर, याचा निवाडा होय.

१०/
हा निवाडा किती निकडीचा होता, हे दुष्काळात दिसले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा त्याच प्रांतातील भंडारा जिल्ह्याचा भाग होता. भुकेने खंगलेल्या शरीरांवर पटकी आणि अतिसार तुटून पडले. सरकारने खेडोपाडी मदतीची स्वयंपाकघरे उघडली. पण अन्न मिळूनही ते पचवण्याची ताकद उरली नव्हती, अशी मुले पुष्कळ होती. गावोगाव मरीआईला साकडे घातले जाई. पटकीच्या रोग्याला काय पाजावे, याचे खात्रीचे उत्तर तेव्हा डॉक्टरांकडेही नव्हते.

११/
खरे तर उत्तराचे पहिले टोक १८३१ मध्येच हाती आले होते. पटकी तेव्हा इंग्लंडात पोहोचली होती. बावीस वर्षांच्या विल्यम ओ’शॉनेसी या डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यातील पाणी व क्षार कमालीचे घटल्याचे दाखवले. १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ गावी थॉमस लाटा यांनी मिठाचे पाणी थेट रोग्याच्या शिरेत सोडले. मरणाच्या दारातले काही रोगी उठून बसले. ओ’शॉनेसी पुढे कोलकात्यास आले आणि इतिहासाने त्यांना ओळखले ते भारतातील तारयंत्राचे जनक म्हणून. क्षारांची गोष्ट मागे पडली.

१२/
विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून सलाइन देण्याची पद्धत सुधारली आणि पटकीचे मृत्यू पुष्कळ घटले. पण सलाइनला निर्जंतुक पाणी हवे, सुई हवी, बाटली हवी आणि शीर शोधणारा तरबेज हात हवा. सुकलेल्या मुलाची शीर सापडणे आजही सोपे नसते. सालेकसा किंवा देवरीच्या जंगलातील वाडीतून पावसाळ्यात, भरलेले नाले ओलांडत, मुलाला रुग्णालयापर्यंत नेईतो वेळ निघून जाई. ज्ञान होते, ते पोहोचण्याची वाट नव्हती. घरी, चमच्याने, तोंडावाटे देता येईल अशा कशाची तरी गरज होती.

१३/
अडचण अशी की नुसते मिठाचे पाणी तोंडाने दिले तर ते आतड्यात नीट शोषले जात नाही; कधी जुलाब वाढतात. १९५३ मध्ये कोलकात्याचे हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निरीक्षण प्रसिद्ध केले. पटकीच्या १८६ रोग्यांना त्यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे मिश्रण तोंडावाटे दिले होते आणि त्यांना गुण आला होता. हे असे का घडते, याचे स्पष्टीकरण मात्र तेव्हा उपलब्ध नव्हते. पाश्चात्त्य वैद्यकाने या कामाची फारशी दखल घेतली नाही.

१४/
स्पष्टीकरण पुढच्या सात वर्षांत आले. १९५९ मध्ये कोलकात्याच्याच शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले की पटकीचा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतड्यात पाणी झिरपते. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथे मांडले की आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत जाताना सोडियमला सोबत घेऊन जाते. सोडियम गेले की त्यामागोमाग पाणी जाते. पटकीतही हे दार बंद होत नाही. म्हणजे मिठाला साखरेची जोड दिली, तर जुलाब चालू असतानाही शरीर पाणी पिऊ शकते.

१५/
१९६८ मध्ये ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी हे रोग्यांवर तपासले. त्यांनी एक साधा नियम पाळला : जेवढे शरीराबाहेर गेले, तेवढे मोजून तोंडाने परत द्यायचे. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. तरीही शंका उरलीच. रुग्णालयात, प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली हे जमेल. पण चिखलात, गर्दीत, अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांच्या हाती हे द्रावण कसे सोपवायचे?

१६/
याचे उत्तर १९७१ ने दिले. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगावात पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनोबिस तेथील लहानशा रुग्णालयात पोहोचले, तेव्हा रोगी जमिनीवर, एकमेकांना खेटून पडले होते आणि सलाइनचा साठा संपत आला होता. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण करण्याचे ठरवले : एक लिटर पाण्याला ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम सोडा, २२ ग्रॅम ग्लुकोज. कोलकात्यात ही पूड तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली गेली आणि पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने चिकटवली गेली.

१७/
छावणीत नळ बसवलेल्या पिंपांत हे पाणी कालवले गेले. रोग्याला ते पाजायचे कोणी? पुरेशा परिचारिका नव्हत्याच. मग आईने मुलाला पाजले, भावाने बहिणीला, म्हाताऱ्याने सोबत्याला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. शिरेतली सुई नव्हे, तर नात्यातल्या माणसाच्या हातातला पेला जीव वाचवू शकतो, हे बनगावने दाखवून दिले. महालनोबिस यांचे १६ ऑक्टोबर २०२२ रोजी निधन झाले. त्यांना पद्मविभूषण जाहीर झाला तो २०२३ मध्ये, मरणोत्तर.

१८/
१९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने आपल्या संपादकीयात या शोधाला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरवले. मराठीत त्याला नाव मिळाले जलसंजीवनी. महाराष्ट्रात त्याच सुमारास जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचा १९७० मध्ये सुरू झालेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प आकार घेत होता. तिथल्या, बऱ्याचशा निरक्षर, गावकरी आरोग्यसेविका जुलाबाच्या मुलाला साखर-मिठाचे पाणी कसे द्यावे हे दारोदारी शिकवत. जे डॉक्टरांना अवघड वाटत होते ते त्या बायकांनी चुलीपाशी बसून समजावले.

१९/
बांगलादेशात ‘ब्रॅक’ संस्थेने १९८० ते १९९० या दशकात हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केले. सूत्र होते : अर्धा शेर पाणी, मूठभर गूळ, तीन बोटांच्या चिमटीतले मीठ. एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत कार्यकर्त्या गेल्या. काही दिवसांनी तपासनीस येऊन आईला ते पाणी पुन्हा करायला सांगत आणि आईला किती आठवते त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. हा काटेकोरपणा आवश्यक होता. मीठ कमी पडले तर उपयोग नाही आणि जास्त झाले तर तेच पाणी मुलाला अपाय करते.

२०/
आता गोष्ट पुन्हा भाताच्या हंडीपाशी येते. ग्लुकोजच हवे कशाला, असा प्रश्न आशियातल्या डॉक्टरांनी विचारला. तांदळातील पिठूळ अंश म्हणजे एकमेकांत गुंफलेले ग्लुकोजच. १९८१ मध्ये सिंगापूरच्या एच. बी. वाँग यांनी बालकांच्या जुलाबात तांदळाच्या पाण्याचा उपयोग ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. १९८२ मध्ये ढाक्याच्या ए. एम. मोल्ला आणि सहकाऱ्यांनी तांदळाची पूड आणि क्षार यांचे द्रावण पटकीच्या रोग्यांना देऊन पाहिले. ते ग्लुकोजच्या द्रावणाइतकेच उपयोगी ठरले.

२१/
१९९२ मध्ये शीला गोर आणि सहकाऱ्यांनी अशा १३ चाचण्यांतील १,३६७ रोग्यांची माहिती एकत्र केली. तांदळाच्या द्रावणाने पहिल्या २४ तासांतील शौचाचे प्रमाण पटकीच्या प्रौढ रोग्यांत ३६ टक्क्यांनी आणि मुलांत ३२ टक्क्यांनी घटले; पटकी नसलेल्या इतर अतिसारात मुलांमध्ये ही घट १८ टक्के होती. कारण असे : पीठ हळूहळू सुटते, त्यामुळे ग्लुकोज भरपूर मिळते, पण आतड्यातले पाणी एकदम दाट होऊन शरीरातले पाणी बाहेर खेचत नाही. पेजेच्या वाटीत हे गणित अज्ञातपणे दडलेले होते.

२२/
इथे ‘पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. या चाचण्यांत नुसती पेज नव्हती; तीत मोजून घातलेले क्षार होते. घरच्या पेजेत मीठ कधी चिमूटभर, कधी मुळीच नाही, आणि जुलाबात निघून जाणारे पोटॅशियम तर फारच थोडे. शिवाय पातळ पेजेने पोट भरल्यासारखे वाटते, पण तिच्यात बळ कमी. आठवडाभर केवळ निवळीवर ठेवलेले मूल जुलाबातून वाचते आणि कुपोषणात सापडते. परंपरेने पदार्थ अचूक निवडला होता. मोजमाप तिच्याकडे नव्हते.

२३/
उपासाचा निवाडा मात्र पूर्णपणे परंपरेच्या विरुद्ध लागला. १९४८ मध्येच ए. डब्ल्यू. चुंग यांनी दाखवले होते की जुलाब असतानाही मुलाचे आतडे खाल्लेल्या अन्नाचा बराच भाग शोषून घेते. म्हणजे उपाशी ठेवण्यात लाभ नाही. १९६८ मध्ये स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात हे चक्र मांडले : जुलाबाने मूल खंगते आणि खंगलेल्या मुलाला पुन्हा जुलाब होतात. ते चक्र तोडायचे तर अन्न थांबवायचे नाही. मऊ भात, वरण, खिचडी, केळे, दही आणि आईचे दूध चालूच ठेवायचे.

२४/
‘दूध सोसत नाही’ या तक्रारीचाही इतिहास आहे. १९५९ मध्ये मँचेस्टरच्या होल्झेल आणि सहकाऱ्यांनी दुधातली साखर जन्मतःच न पचणारी बालके वर्णिली. हा प्रकार दुर्मीळ. पण जोराच्या जुलाबानंतर आतड्याच्या आतल्या थराची झीज होते आणि ती साखर पचवणारा रस काही दिवस, कधी काही आठवडे, कमी पडतो. मग वरचे दूध दिले की पोट फुगते आणि आंबट, फेसाळ शौच होते. थर भरून आला की बहुतेक मुलांना दूध पुन्हा सोसते. दह्यात ती साखर काही अंशी कमी झालेली असते, म्हणून ते सहसा चालते. आईचे दूध मात्र या कारणाने तोडू नये.

२५/
गव्हाची कथा वेगळी आहे. १८८८ मध्ये लंडनचे सॅम्युअल गी यांनी एका ते पाच वर्षांच्या मुलांत दिसणाऱ्या दीर्घ अतिसाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तो बरा होईल तर आहारानेच, असे मत दिले. कोणता आहार, हे त्यांना उमगले नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे सिडनी हास यांनी अशा मुलांना केळी खाऊ घातली. मुले सुधारली, पण श्रेय चुकून केळ्यांना मिळाले. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके अशा मुलांना गव्हाविना ठेवून पाहत होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला आणि डिके यांचा संशय बळावला.

२६/
१९५० च्या प्रबंधात डिके यांनी दाखवले की गहू आणि राय या मुलांना बाधतात, तांदूळ व मका बाधत नाहीत. १९५२ मध्ये दोष गव्हातील ग्लुटेन या प्रथिनाचा असल्याचे स्पष्ट झाले. या आजाराला सिलिअॅक म्हणतात. भारतात तो गहू खाणाऱ्या उत्तरेत अधिक आणि भात खाणाऱ्या दक्षिणेत बराच कमी आढळला आहे. धानाच्या प्रदेशात तो सहज ध्यानात येत नाही, हा त्याचा दुसरा अर्थ. महिनोन्‌महिने पोट बिघडलेले, वजन न वाढणारे मूल असेल तर तपासणी हवी. अंदाजाने पोळी आधीच बंद केली, तर रक्ततपासणीतून आजार निसटू शकतो.

२७/
रोजच्या जुलाबांमागचा एक मोठा गुन्हेगार १९७३ मध्ये सापडला. मेलबर्नच्या रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्यात रोटाव्हायरस पाहिला. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांना नवजात बालकांत त्याचा एक सौम्य प्रकार मिळाला. त्यावरून भारतीय लस घडली आणि २०१६ पासून रोटाव्हायरसची लस राष्ट्रीय लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. २००२ मध्ये जलसंजीवनीतील मीठ व ग्लुकोज कमी करून ती अधिक सौम्य केली गेली आणि २००४ मध्ये तिच्या जोडीला झिंक सुचवले गेले.

२८/
आज गोंदियाच्या खेड्यात आशा कार्यकर्तीच्या पिशवीत जलसंजीवनीची पुडी आणि झिंकच्या गोळ्या असतात. रीत अशी : पूर्ण पुडी, एक लिटर उकळून गार केलेल्या स्वच्छ पाण्यात, २४ तासांच्या आत संपवायची. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. झिंक १४ दिवस : सहा महिन्यांवरील मुलास रोज २० मिलिग्रॅम, त्याखालील मुलास १०. आणि डोळे खोल जाणे, सुस्ती, लघवी न होणे, शौचात रक्त, पाणीही पोटात न ठरणे यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय.

२९/
ओ’शॉनेसींनी रक्तातील क्षार मोजले तेव्हापासून गावातल्या पुडीपर्यंत जवळपास दोन शतके गेली. या वाटेवर कोलकाता, ढाका, बनगाव आणि जामखेड ही नावे लंडन आणि प्राग यांच्या बरोबरीने येतात. पेज मात्र सुरुवातीपासून तिथेच, चुलीवर होती. तिने लेकराला पाणी आणि पीठ दिले. तिला हवे होते मोजून घातलेले मीठ आणि सोबतीला सुटलेला उपास. रोवणीच्या दिवसांत बांधीतून परतलेल्या आईच्या हाती आता वाटीही आहे आणि पुडीही. दोन्ही लागतात. पुडीने मूल आजची रात्र काढते, वाटीने ते पुन्हा बाळसे धरते.

(धागा समाप्त)